कापसात ठेवलेल्या बाटल्या

हे लिहायला घेतलं खरं, पण लिहिण्याचा माझा काय अधिकार, ते मला सांगता येणार नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. मला सवय आहे ती प्रयोगवही लिहिण्याची. तिथे 'असे आढळले' म्हणून वाक्य संपवलं की काम भागतं. कोणाला आढळलं आणि त्याला त्या वेळी काय वाटलं, हे कोणी विचारत नाही. त्यातून विषय वाइनचा, आणि मी वाइन कधी चाखलेली नाही. ज्यांना यातलं कळतं ते मला हसतील. ज्यांच्या घरात हा शब्दही चालत नाही, त्यांनी मला समजून घ्यावं, कारण मी त्यांच्यातलाच आहे.

अमरावतीत मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होतो. दुसऱ्या वर्षाला प्रकल्प असतो. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी मला जांभळाची वाइन दिली. म्हणजे विषय दिला. आदल्या पावसाळ्यात आम्ही विभागात जांभळं आंबवून ती तयार केली होती आणि तिच्या छोट्या बाटल्या भरून ठेवल्या होत्या. विभागाला या कामाची परवानगी होती, म्हणून ती चिंता नव्हती. मॅडमचा प्रश्न वेगळा होता.

"वाइन करणं लोक शिकतील," त्या म्हणाल्या. "पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती ठेवायची कुठे? दोन खोल्यांच्या घरात, फ्रिज नसताना, ती टिकेल अशी जागा असते का? तेवढंच शोध."

त्यांनी मला चार गोष्टी पाठ करायला लावल्या. जागा गार हवी, अंधारी हवी, तिथे हादरे नकोत आणि बाटली आडवी हवी.

"आडवी कशासाठी, मॅडम?"

"बूच ओलं राहिलं पाहिजे. वाळलं की आकसतं आणि हवा आत जाते."

काही बाटल्या विभागाच्या फ्रिजमध्ये राहणार होत्या, तुलनेसाठी. काही मी राहतो त्या खोलीत आणि काही गावी, आमच्या घरात. हे ठरलं तेव्हा मला आनंदच झाला होता. आपलं घर एखाद्या अभ्यासात येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी मोबाइलवर वाचायला लागलो. लहान घरात वाइन ठेवण्याबद्दल खूप लिहिलेलं सापडलं. जिन्याखालची जागा वापरा, असं बहुतेक ठिकाणी होतं. आमच्या खोलीला जिना होता, पण तो बाहेरून, लोखंडाचा, आणि त्याच्याखाली घरमालकीण काकूंची स्कूटी उभी असे. कपड्यांच्या कपाटाचा तळ वापरा, असंही होतं. आमचे कपडे दोरीवर असत.

खोली वलगाव रोडला, एका घराच्या गच्चीवर. वर टिन. मी आणि माझा सोबती असे दोघं तिथे राहायचो. तो पोलीस भरतीची तयारी करत होता, पहाटे पळायला जायचा आणि दुपारभर झोपायचा. मी बाजारातून संत्र्याची लाकडी पेटी आणली, तिच्यात वाळलेलं गवत होतंच. त्यात सहा बाटल्या आडव्या लावल्या आणि पेटी पलंगाखाली सरकवली.

सोबत्याने एक डोळा उघडून पाहिलं. "अबे, लोकं रिकामी करून पलंगाखाली लपवतात. तू भरेल लपवून राहिला."

"लपवत नाही. ठेवतो आहे."

"तेच सांगजो काकूले."

मार्च सरत आला तसं पलंगाखालचं तापमान रोज वर जाऊ लागलं. दुपारी टिन तडतडायचं. खोलीत गार अशी एकच जागा होती, कूलरसमोरची. पण आमचा कूलर चालू झाला की टेबलावरचा पेन चालत चालत खाली पडायचा, इतका तो हादरायचा. म्हणजे जिथे हादरे नाहीत तिथे ऊन, आणि जिथे गारवा आहे तिथे हादरे. शेवटी मी पेटी मोरीत नेली, पाण्याच्या ड्रममागे, आणि वर ओलं पोतं टाकलं. येता-जाता पोत्यावर पाणी शिंपडायचं. मोरी एवढीशी, त्यामुळे सोबत्याला आंघोळ तिरपं उभं राहून करावी लागे.

"माह्यापेक्षा तुह्या बाटल्याईचे लाड जास्त हायेत," तो आतून ओरडायचा. "पुढच्या जन्मी मी वाइन होतो."

ते बऱ्यापैकी साधलं. तापमान उतरलं. पण सततच्या ओलीने बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांना बुरशी चढली, अक्षरं पुसली. मग मी प्रत्येक बाटलीवर पुन्हा मार्करने नमुना क्रमांक लिहिला आणि वरून चिकटपट्टी लावली. काकू एकदा टाकी बघायला वर आल्या होत्या. त्यांनी पोतं उचलून पाहिलं आणि मी 'कॉलेजचं आहे' म्हटल्यावर पुन्हा तसंच ठेवलं. दोन दिवस मी त्यांच्या समोरून जाताना मान खाली घालून गेलो.

गावच्या बाटल्या मात्र मी त्याच्या आधीच, फेब्रुवारीत, नेऊन ठेवल्या होत्या. ते आता सांगतो. खरं तर तेच सांगायचं आहे.

आमचं गाव तेल्हाऱ्याजवळ. घर दोन खोल्यांचं, विटांचं, वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. बाबांकडे थोडी जमीन आहे, बाकी दिवस ते आणि आई दुसऱ्यांच्या शेतात जातात. बाबा मी लहान असताना पीत. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. ज्यांच्या घरात असं होतं त्यांना ते ठाऊक आहे, आणि ज्यांच्या घरात नव्हतं त्यांना माझ्या लिहिण्याने कळणार नाही. मग एका बुद्धपौर्णिमेला त्यांनी विहारात सगळ्यांसमोर सोडली, आणि ती खरंच सुटली. पुढे गावाने त्यांना विहारातल्या वंदनेचं पुढारपण दिलं. दर पौर्णिमेला बाबा पुढे बसून एकेक शील म्हणतात आणि मागून सगळे म्हणतात. बाबांना वाचताना अडखळायला होतं, त्यांनी ते ऐकून ऐकून पाठ केलं आहे. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. तिथे आले की त्यांचा आवाज थोडा चढतो. मला लहानपणापासून त्या ओळीची वाट पाहायची सवय लागली होती.

अशा घरात मी वाइनची तशीच एक पेटी घेऊन उतरलो होतो.

आईने गवत बाजूला करून पाहिलं. "हे काय होय?"

"जांभळाची वाइन. प्रोजेक्टची."

"म्हन्जे दारू."

बाबा अंगणात बाजेवर बसले होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "चढते काय?"

"चढते, बाबा. पण प्यायला नाही आणली. ठेवायला आणली."

"लोकं बी घरात ठेवालेच आनतात," आई म्हणाली. "मंग ते ठेवल्या जाते काय?"

मी मॅडमचा प्रश्न जमेल तसा समजावून सांगितला. गार, अंधार, हादरे नाहीत, आडवी. बाबा ऐकत राहिले.

"तू घेतली काय?"

"नाही. चव बघायचं काम मॅडम आणि दुसरे सर करतात. तेही तोंडात घोळवून थुंकतात. मी नुसता वास घेऊन लिहितो."

"थुंकतात?" बाबा हसले. "एवढा जीव लावून बनवतात अन् थुंकतात? आमी तं सांडेल बी..." आईने पेटीवर गवत पुन्हा पसरलं.

थोड्या वेळाने बाबाच म्हणाले, "कापसात ठेव."

आमच्या पुढच्या खोलीत तेव्हा कापूस भरलेला होता. भाव चढेल म्हणून आमच्याकडे बरेच जण तो घरात थोपवून धरतात. खोली आढ्यापर्यंत पांढरी असते, माणसं मागच्या खोलीत नाहीतर अंगणात झोपतात, आणि अंगाला खाज सुटते ती निराळीच. बाबा उठून दारात उभे राहिले. "पाय. कापसात ऊन शिरत नाई. उजेड नाई. हालत बी नाई. आडवी ठेव का तिरपी, कापूस धरून ठेवते."

मला ते इतकं पटलं की मी लगेच मोबाइलमध्ये टिपून ठेवलं. मॅडमना सांगायची मला घाई झाली होती. जे एवढ्या लेखांमध्ये नव्हतं ते आमच्या पुढच्या खोलीत होतं. मी कोपरापर्यंत हात घालून एकेक बाटली आत सारली. सहाही. तीन दाराच्या बाजूला, तीन आतल्या कोपऱ्याकडे. आई चौकटीला टेकून बघत होती. प्रत्येक बाटलीला तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती.

निघताना ती बसथांब्यापर्यंत आली. "बाबू, दुसऱ्या कोनाच्या घरी नसतं काय ठेवता आलं?"

"तिथे कापूस नाही, आई."

"हौ," ती म्हणाली. "तिथी तुहे बाबा बी नाईत."

एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस आला, गारपिटीसकट. आईचा फोन आला की आतल्या कोपऱ्यात कवेलू फुटून कापूस भिजला, वरचा वरचा काढून वाळवला आहे, बाबांनी कवेलू बदललं आहे. मी विचारलं, बाटल्यांना हात लावला नाही ना? नाही म्हणाली. मला बरं वाटलं. ओला कापूस ढिगात दबून राहिला की आतून तापतो, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. ते तेव्हा तिच्याही मनात आलं नाही, बाबांच्याही नाही आणि माझ्याही नाही. तिघांचंही लक्ष बाटल्यांना हात न लावण्याकडे होतं.

मे महिन्यात तोंडी परीक्षा होती. तिच्याआधी बाटल्या आणायला मी घरी गेलो. दार उघडंच होतं. पुढची खोली रिकामी, झाडून काढलेली, माझ्या चपलांचा आवाज भिंतींवर वाजला इतकी रिकामी. जमिनीवर एक पोतं अंथरलेलं आणि त्यावर पाच बाटल्या, आडव्या.

कापूस चार दिवसांपूर्वीच गेला होता. व्यापाऱ्याची गाडी गावात आली, भाव बरा होता, बाबांनी देऊन टाकला. आई तेव्हा दुसऱ्याच्या शेतात कांदे काढायला गेलेली. गाडीवरची माणसं दारात उभी, त्यांना पुढच्या घरी जायची घाई. बाबांनी त्यांच्या नकळत एकेक बाटली शोधून मागच्या खोलीत नेली. पाच मिळाल्या. सहावीसाठी त्यांनी बरेचदा हात घातला.

"मले वाटलं, पाचच होत्या," ते मला म्हणाले.

"सहा होत्या," चुलीजवळून आई म्हणाली.

"सहा त सहा. गेली असन कापसात."

"मी कुठी काई म्हनली? मी फक्त मोजल्या."

"मोजत जाय. हेच काम हाये तुले आता."

आई भाकरी थापत राहिली. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच मला जड जात होतं. लहानपणी ती ओरडायची. ओरडणं थांबलं त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि आता ती न ओरडता बोलत होती.

"इतक्या वर्षाची सोडेल हाये म्हून इचारते," ती म्हणाली. "एक डाव हो म्हना. हो म्हनलं तं मी काईच नाई म्हनत. पोट्ट्यासमोर सांगते."

"नाई घेतली त हो कसं म्हनू?"

"पह्यले बी असेच म्हनायचे."

बाबा उठले. त्यांनी स्वतःच ताट घेतलं, स्वतःच वाढून घेतलं आणि अंगणात जाऊन भिंतीकडे तोंड करून जेवले. त्या दिवसापासून ते तसेच जेवत होते, हे मला नंतर आईने सांगितलं. ती वाढायला गेली की ते ताट बाजूला घेत.

मी त्यांच्यामागे गेलो. म्हटलं, बाबा, व्यापाऱ्याला फोन लावू? बाटलीवर नंबर लिहिलेला आहे. सापडली की सगळं मिटेल.

"काय इचारशीन? आमच्या कापसात दारूची बाटली आली काय म्हून?"

"वाइन म्हणू. प्रोजेक्टची."

"तो वाइन आइकन, अन् गावात दारू सांगन. ह्याच्या घरी बाटल्या निंघतात, अन् हा पुढं बसून शील म्हनते." ते माझ्याकडे न बघता हात धूत होते. "अन् तू इचारलं तं म्हनतीन, बापासाठी पोट्टा फोन लावून राहिला."

मला तेव्हा त्यांची अडचण पूर्ण कळली. घरात खरं ठरायचं तर गावात विचारायला हवं होतं, आणि गावात विचारलं की गावातलं नाव जाणार होतं. बुद्धपौर्णिमा तोंडावर आली होती.

"मी पाचवं शील कोन्या तोंडानं म्हनू?" ते म्हणाले. "मांगं बसून तुही माय बी म्हनते. तिच्याकडं पाहून म्हना लागते मले."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण मला काय माहीत होतं? सहा ठेवल्या, पाच आढळल्या. वहीत एवढंच लिहिता आलं असतं. मी बाबांच्या जवळ उभा होतो आणि वास येतो का हे मला कळू नये म्हणून तोंडाने श्वास घेत होतो. नंतर बसमध्ये लक्षात आलं की मी तसं करत होतो.

पाच बाटल्या संत्र्याच्या पेटीत घालून मी तेल्हाऱ्याहून अकोला आणि अकोल्याहून अमरावती असा आलो. पेटी मांडीवर धरून बसलो होतो. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "संत्रे होय काय?" मी हो म्हटलं. मग तो सगळ्या रस्ताभर संत्र्याबद्दल बोलत होता.

तोंडी परीक्षा बरी झाली. फ्रिजमधली वाइन सगळ्यात चांगली निघाली, ते अपेक्षितच होतं. मोरीतली त्याच्या खालोखाल. कापसातल्या पाचपैकी दाराकडच्या तीन मोरीतल्यांच्या बरोबरीच्या होत्या, पण कोपऱ्याकडच्या दोन्हींची बुचं वर सरकलेली होती आणि चव उतरली होती.

"सहावा नमुना?" बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं.

"कापसाबरोबर गेला, सर."

ते हसले. मॅडम हसल्या नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"कोपऱ्यातला कापूस ओला झाला होता का?"

मी पावसाचं सांगितलं.

"मग तो आतून तापला असणार. वाइन तापली की फुगते आणि बुचाला वर ढकलते. सहावीचं बूच बहुतेक उडालं असेल. काय रे, काय झालं? एका नमुन्याने गुण जात नाहीत."

मी मॅडमना घरचं काहीच सांगितलेलं नव्हतं. तिथे पायऱ्यांवर उभ्या उभ्या थोडं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "माझ्या डोक्यात हे यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मी जागा शोध म्हटलं. त्या घरात कोण राहतं, ते विचारलं नाही."

मी खोलीवर येऊन आईला फोन लावला. मॅडम जे म्हणाल्या ते तिला सांगितलं. कापूस तापला, बूच उडालं असेल.

"असन," ती म्हणाली.

"आई, शास्त्र आहे ते."

"मी कुठी नाई म्हनते? तू शिकेल हायेस. तुह्यासाठी असन म्हनते." तिने पंखा बंद केला, तिचा आवाज जवळ आला. "मले बी वाटते बाबू, तसंच झालं असन म्हून. वाटते अन् पुन्हा नाई वाटत. मी काय करू?"

पौर्णिमेच्या दिवशी अमरावतीत सकाळपासून लोक पांढरे कपडे घालून जाताना दिसत होते. सोबती गावी गेला होता. मी घरी फोन लावला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. मग गावातल्या शेजारच्या काकांना लावला. ते म्हणाले, "तुहे बाबा विहारात नाई आले. सकाळीच पांढरे कपडे घालून निंघाले म्हनतात, मंग गेले कुठी? लोकं वाट पाहून राहिले. शेवटी शाळेच्या मास्तरनं वंदना घेतली."

मी आईला पुन्हा लावला. बंद. मोरीतलं पोतं अजून तिथेच होतं, कोरडं झालेलं. खाली काही नव्हतं तरी मी त्यावर पाणी शिंपडलं. का, ते मला माहीत नाही. बाबा कुठे जाऊ शकतात, याचा विचार करताना मला लहानपणी त्यांना जिथून जिथून आणायला जावं लागायचं त्याच जागा आठवत होत्या, दुसरी एकही आठवत नव्हती. बस पकडावी म्हणून कपडे घातले आणि मग नुसताच पलंगावर बसून राहिलो.

फोन आला तेव्हा ऊन उतरलं होतं. आईचाच होता.

"अकोल्याले गेल्ते," ती म्हणाली.

"कोण? बाबा?"

"हौ. जिनिंगवर. आपला कापूस जिथी उतरवला तिथी. गेटवर उभं राहून सांगतलं म्हने, माह्या कापसात माह्या पोराची वाइनची बाटली आली, मले पाहू द्या. व्यापारी बी तिथीच होता. सारे हासले."

"मग?"

"तिथी बाया असतात ना, कापसातला कचरा येचाले. त्यातली येक म्हने, जांभळा कापूस निंघाला तोच काय? तिनं बाजूले टाकून ठेवला होता, बाटलीसंगट. तिले वाटलं, कोनाचं रगत होय का औषध होय. डागाचा कापूस चालत नाई त्याईले."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "बूच? बूच होतं का बाटलीला?"

"तुले बुचाचं पडलं," ती म्हणाली, आणि किती दिवसांनी तिच्या आवाजात थोडं हसू आलं. मग ते गेलं. "बूच नाई. बाटलीत थेंब नाई. पन कापूस हाये. येवढा गोळा हाये, पिशवीत घालून आनला त्याईनं. बसमधून उतरले अन् पह्यले विहारात गेले. लोकं जेवत होते तिथी. सगळ्याईच्या समोर ठेवला. म्हने, ही माह्या घरातली बाटली, पोराच्या शिक्षणाची, अन् हे तिच्यातलं. ज्याले जे म्हनाचं ते म्हना."

"लोक काय म्हणाले?"

"काय म्हनतीन. कोनी काई म्हनलं नाई. जेवत राहिले. पुढच्या पुनवेले कोन म्हनन, ते काई ठरलं नाई. मास्तर म्हने, पाहू. बाहीर आल्यावर दोघंतिघं हासत होते. आता गावात हेच चालन काई दिवस. घरात बाटल्या होत्या म्हून."

"आणि घरी?"

"घरी येऊन गोळा माह्यासमोर टाकला. म्हने, हुंग."

"मग तू हुंगलास?"

"हुंगला मी," आई म्हणाली. "आंबट वास येते रे. सारी कापसातच गेली होती." तिच्याकडे भांड्याचा आवाज आला. तिने फोन तोंडाजवळ घेतला, कारण पुढचं ती अगदी हळू बोलली. "ठेवते आता. मी वाढलं हाये. ते घरात बसून जेवून राहिले."